नाव न घेता लिहितोय : भावाच्या अपघाताची केस लढलेल्या आमच्या वकील मॅडम

आधीच सांगतो, मॅडमचं नाव, ऑफिसचा पत्ता, फोन नंबर ह्यात काही मिळणार नाही. मी त्यांना विचारलं होतं, मॅडम तुमच्याबद्दल लिहू का, चार लोकांना उपयोग होईल, तर म्हणाल्या अनुभव लिहा, कागद कुठले लागतात ते लिहा, पण माझं नाव नको, बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि अशिलाच्या हातनं करून घेतली तरी ती जाहिरातच. म्हणून नुसतं मॅडम म्हणतोय. पण अडीच-तीन वर्षं ह्या बाईंचं काम जवळून बघितलंय आणि ते लिहून ठेवावं असं मनापासून वाटतंय, कारण अपघात झाल्यावर आपल्याला काहीच सुधरत नाही आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी सह्या घ्यायला समोर येऊन उभं राहतं.

आम्ही इचलकरंजीचे. मी सायझिंगमध्ये (सुताला खळ लावतात तिथं) कामाला, धाकटा भाऊ यंत्रमागावर. डिसेंबर २०२२, गळीत हंगाम जोरात, रस्त्यावर सगळीकडं उसाचे ट्रॅक्टर. भाऊ जयसिंगपूरहून मोटरसायकलवरनं रात्री साडेनऊला घरी येत होता, यड्रावच्या अलीकडं उसानं भरलेली ट्रॉली टायर फुटून रस्त्यातच उभी, ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडवून जॅक आणायला गेलेला, ट्रॉलीच्या मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, नुसते दोन दगड लावलेले. समोरच्या गाडीची लाइट डोळ्यावर आली आणि तो थेट ट्रॉलीत. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजव्या मनगटाचा चुरा, कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं उचलून दवाखान्यात नेला, तो माणूस आम्हाला पुढं दोनदा भेटायला पण आला, त्याचं लई उपकार आहेत.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात एकजण आला. पांढरा शर्ट, हातात फाईल, गोड बोलणं. म्हणाला ट्रॅक्टरचा विमा आहे, पंचवीस लाख काढून देतो, एक रुपया आत्ता द्यायचा नाही, मिळाल्यावर पंचवीस टक्के आमचे, इथं सही करा. कागद बघितला तर कोरं वकीलपत्र, वकिलाचं नावच नाही. खरं सांगतो, मी पेन हातात घेतलं होतं. ऑपरेशनचे पैसे कुठनं आणायचे ह्याच विचारात दोन रात्री झोप नव्हती, आणि कुणीतरी म्हणतंय काही द्यायचं नाही. भावाची बायको, आमची वहिनी, म्हणाली भावजी थांबा, आधी कुणालातरी विचारा. मग आमच्या मागमालकानं ह्या मॅडमचं नाव सांगितलं, त्यांच्या मेहुण्याची केस त्यांनीच लढली होती.

मॅडमचं ऑफिस कोल्हापुरात, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. लाकडी बाक, भिंतीला गठ्ठे, एक ज्युनिअर, एक टायपिंगवाला. शनिवारी गेलो तर बाकावर जागा नव्हती, कुणाच्या पायात रॉड, कुणी विधवा बाई दोन पोरांना घेऊन बसलेली. दोन तासांनी नंबर लागला. मला वाटलं होतं की पहिला प्रश्न विमा किती, ट्रॅक्टर कुणाचा असा असणार. त्यांनी विचारलं, प्लॅस्टर कधी निघतंय आणि फिजिओथेरपी कुठं लावलीय. मी म्हणलं फिजिओ म्हणजे त्या मालिशला रोज तीनशे रुपये कुठनं द्यायचे, तर त्या जरा रागानंच म्हणाल्या, "हे बघा, केस दोन-अडीच वर्षं चालणार, तिला घाई नाही. हात सहा महिन्यात आखडतो. आधी सरकारी दवाखान्यात फिजिओला पाठवा, तिथं परवडतंय, आणि मग माझ्याकडं कागद घेऊन या." केस घ्यायच्या आधी भावाच्या हाताची काळजी करणारा दुसरा कोण भेटला असता मला माहीत नाही.

फीचं पण पहिल्याच भेटीत स्पष्ट. टक्केवारी घेत नाही म्हणाल्या, कारण निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला भारतात वकिलाला परवानगीच नाही, बार कौन्सिलच्या नियमात तसं सरळ लिहिलंय, आणि जो वॉर्डात येऊन टक्केवारी मागतो तो बहुतेक वेळा वकील नसतोच, मधला दलाल असतो. फी ठराविक सांगितली, तीन टप्प्यात, प्रत्येक वेळी पावती. त्यातही पहिला टप्पा आम्हाला जमत नव्हता तर निम्मा घेतला. शिवाय ज्यांना अजिबात परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं, बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचं कुणी असेल किंवा कारखान्यातला कामगार असेल तर उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न पाहिजे, हे पण त्यांनीच सांगितलं. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे, लिहून ठेवा. आपलं गिऱ्हाईक जाईल हे माहीत असताना समोरच्याला ही माहिती देणं साधी गोष्ट नाही.

आता कागदांचं, कारण इथंच सगळे गडबडतात. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोलिसांकडनं मिळणारा कॉम्प एए फॉर्म (अपघाताची, गाडीची, ड्रायव्हरची आणि विम्याची माहिती असलेला), ट्रॅक्टरचं आरसी म्हणजे नोंदणीचा कागद, विमा पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, सगळी बिलं मूळ, नुसती झेरॉक्स चालत नाही. आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नसती : मेडिकलची बिलं त्या गुळगुळीत कागदावर येतात ना, ती सहा महिन्यात पांढरी पडतात. मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या, खिडकीच्या उजेडात एकेक धरून बघितली आणि ज्युनिअरला सांगितलं की आत्ताच्या आत्ता झेरॉक्स काढ आणि मेडिकलवाल्याकडनं सही-शिक्का घेऊन ये. आमची काही बिलं तेव्हाच फिकी पडायला लागली होती. दीड वर्षानं कोर्टात दाखवायची वेळ आली तेव्हा मूळ चिठ्ठ्यांवर अक्षर दिसत नव्हतं, शिक्का मारलेल्या झेरॉक्सनीच वाचवलं.

मुदतीचं पण लक्षात ठेवा. कायदा बदललाय, १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा आहे. आधी अशी मुदत नव्हती म्हणून अजूनही गावाकडं लोक म्हणतात काय गडबड आहे, बघू निवांत. निवांत बघू नका. आमचा दावा एप्रिल २०२३ ला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल झाला, विमा कंपनीचं ऑफिस कोल्हापुरातलं म्हणून कसबा बावड्याच्या न्याय संकुलात.

आता जे सांगायला हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

सरकारी दवाखान्यातनं भावाला अपंगत्वाचा दाखला मिळाला, २२ टक्के. मी खूप नाराज झालो, म्हणलं हात गेला माणसाचा आणि हे म्हणतायत बावीस. मॅडम म्हणाल्या हा आकडा शरीराचा आहे, आपल्याला कामाचा आकडा काढायचाय, ते दोन वेगळे असतात, २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय की डॉक्टरचा टक्का जसाच्या तसा घ्यायचा नाही, जखमी माणूस काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करू शकतो ते बघून कमाई किती गेली ते ठरवायचं. एकाच प्रकारची जखम क्लार्कला वेगळी आणि सुताराला वेगळी. मग म्हणाल्या, "मला माग बघायचाय."

आम्हाला वाटलं बोलायचं म्हणून बोलल्या. पण पुढच्या रविवारी खरंच आल्या, इचलकरंजीत, आमच्या मालकाच्या शेडमध्ये. माग चालू असताना आत काय आवाज असतो ते माहीत असणाऱ्यालाच माहीत, शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. मॅडम पदर खोचून दोन मागांच्या मधल्या गल्लीत उभ्या, हातात वही, मनगटावरचं घड्याळ आत वळवलेलं. एका कामगाराला सहा माग. धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, मागाच्या वहीतनं (उभे धागे वर-खाली करणारी चौकट) आणि फणीतनं ओवून आणायचं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून गाठ मारायची, परत माग चालू. कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपली की ती ज्यात बसते तो धोटा काढून नवीन कांडी. एका तासात त्या कामगारानं किती वेळा गाठ मारली ते मॅडम रेघा मारून मोजत होत्या. एकोणीस. आणि गाठीला किती सेकंद लागले ते पण लिहिलेलं. मग भावाला म्हणाल्या तुम्ही एक मारून दाखवा. त्यानं डाव्या हातात टोक धरलं, उजव्याच्या चिमटीत दुसरं घ्यायला गेला, धागा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा धरला पण पीळ देता येईना. तो काही बोलला नाही, धागा सोडून बाजूला जाऊन उभा राहिला. मॅडमनी वही मिटली आणि मालकाला विचारलं, तुमच्याकडं मीटरची वही आहे का.

ती मीटरची वही म्हणजे आमच्या केसचा जीव ठरली. इथं मजुरी मीटरवर, पिकाच्या (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या) हिशोबानं मिळते, कुणी किती मीटर काढलं ते दर आठवड्याला मालक लिहून ठेवतो. अपघाताच्या आधी दोन वर्षं भावाच्या नावावर सहा मागांचं मीटर, नंतर परत आला तेव्हा आधी दोन माग, ते पण झेपेना म्हणून कांडी भरायला बसवला, मजुरी निम्म्याच्या खाली. सगळं मालकाच्या हातच्या अक्षरात, निळ्या पेनानं. सॅलरी स्लिप नाही, पीएफ नाही, बँकेत पगार नाही, अशा माणसाची कमाई कोर्टात सिद्ध करायची म्हणजे हेच. मॅडमनी मालकाला साक्षीला उभं केलं आणि डॉक्टरांना पण. डॉक्टर साक्षीला यायला वेळ काढत नाहीत ही सगळीकडची रड आहे, मॅडम स्वतः दवाखान्यात जाऊन त्यांना कोर्टाची तारीख समजावून आल्या. डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं की मनगट वळत नाही आणि चिमटीत जोर राहिलेला नाही, बारीक काम ह्या हातानं होणार नाही.

कंपनीच्या वकिलांचं म्हणणं काय होतं ते पण सांगतो म्हणजे तुम्हाला तयारी ठेवता येईल. एक, मागनं येऊन धडकला म्हणजे चूक मोटरसायकलवाल्याचीच. दोन, ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टर जोडलेलाच नव्हता, मग वाहनाच्या वापरातनं अपघात झाला असं कसं म्हणायचं, आणि ट्रॉलीचा वेगळा विमा नाही. तीन, ड्रायव्हरचं लायसन्स हलक्या वाहनाचं. चार, कमाईला पुरावा नाही, महिना १०,००० धरा, अपंगत्व २२ टक्केच धरा. ट्रॉलीच्या मुद्द्यावर मॅडमनी जुनी केस काढली, आपल्याच भागातली, १९८७ साली सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर हायवेवर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला होता, काही तासांनी गळालेल्या पेट्रोलचा स्फोट झाला आणि माणसं गेली, तेव्हा पण कंपनी म्हणाली टँकर चालू नव्हता, आणि सुप्रीम कोर्टानं १९९१ साली सांगितलं की वापर म्हणजे नुसतं चालू असणं नव्हे, वाहन बंद पडून उभं असलं तरी ते वापरातच. लायसन्सचा मुद्दा तर नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनीच निकालात काढला, साडेसात हजार किलोच्या आतलं वाहतुकीचं वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं म्हणून. मॅडम त्या दिवशी स्वतः फोन करून म्हणाल्या, आपलं एक ओझं उतरलं.

आता हिशोब, कारण हा कुणी समजावून सांगत नाही आणि दलाल लोक ह्याच अंधाराचा फायदा घेतात. सूत्र ठरलेलं आहे. वर्षाची कमाई, त्यात पुढं वाढली असती म्हणून भर, चाळिशीच्या आतल्या मजुराला किंवा स्वतःचा धंदा असणाऱ्याला ४० टक्के, हे २०१७ च्या प्रणय सेठी केसमधलं. मग वयाप्रमाणं गुणक, हा तक्ता २००९ च्या सरला वर्मा केसमधला, ३१ ते ३५ वयाला १६. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं १०,००० महिना, भर काही नाही, गुणिले १६, त्याचे २२ टक्के, म्हणजे ४,२२,४००. कोर्टानं धरलं महिना १५,०००, वर्षाचे १,८०,०००, चाळीस टक्के भर घालून २,५२,०००, गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००, आणि कामातलं अपंगत्व ४० टक्के धरून १६,१२,८००. चार लाख बावीस हजार आणि सोळा लाख बारा हजार ह्याच्या मधला सगळा फरक त्या मीटरच्या वहीचा आणि त्या रविवारच्या एक तासाचा आहे.

दवाखान्याचा खर्च, काम बुडालं ते, सोबतीला माणूस, वेदना, प्रवास सगळं धरून आकडा २०,५०,००० झाला. पण कोर्टानं भावाची पण १५ टक्के चूक धरली, वेग कमी करायला पाहिजे होता म्हणून, त्याचे ३,०७,५०० कापले. राहिले १७,४२,५०० आणि दावा टाकल्यापासून ७ टक्के व्याज, म्हणजे वीस लाखाच्या आसपास. ती १५ टक्क्यांची कपात मला आजपण पटलेली नाही. मॅडमना बोललो तसं. त्या म्हणाल्या पंचनाम्यात रिफ्लेक्टर नव्हता हे लिहिलंय म्हणून १५ वर थांबलं, नाहीतर मागनं धडकलेल्या केसमध्ये निम्म्यापर्यंत जातं. रात्री त्याच वेळेला त्याच जागी जाऊन त्यांनी फोटो काढून घेतले होते, त्या रस्त्याला लाईटचा खांब नाही हे दाखवायला.

मॅडम कोण, कुठनं आल्या हे तुकड्या-तुकड्यानं कळलं, तारखेची वाट बघत कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्यावर माणूस बोलतो थोडं. नव्वदच्या दशकात सनद घेतली, सुरुवातीला एका सीनिअरकडं, मग काही वर्षं विमा कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे समोरच्या बाजूला. त्यामुळं कंपनीची फाईल कशी बनते, कुठल्या कागदावर ते अडवतात, तडजोडीला कुठपर्यंत येतात सगळं पाठ. पॅनेल का सोडलं विचारलं तर एक केस सांगितली. स्वतःचं घर सांभाळणारी एक बाई अपघातात गेली होती, नवरा आणि तीन पोरं कोर्टात, आणि मॅडमना कंपनीतर्फे उभं राहून म्हणायचं होतं की बाई काही कमवत नव्हती सबब नुकसान नाही. तोपर्यंत सुप्रीम कोर्टानं २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या केसमध्ये घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत महिना ३,००० धरलेली होती, तरी वरनं सूचना तीच. म्हणाल्या मी युक्तिवाद केला, कारण ते माझं काम होतं, पण त्यातली थोरली पोरगी माझ्याकडं बघत बसली होती. त्या वर्षी पॅनेलचं नूतनीकरण केलं नाही. आता कुठल्याही बाईची केस आली की सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत ती काय काय करायची ह्याची यादी स्वतः घरी जाऊन लिहून घेतात, पाणी, धुणं, जनावरं, सासूची औषधं, पोरांचा अभ्यास, सगळं.

कोर्टाच्या बाहेरचं त्यांचं काम मी आधी ऐकून होतो, मग बघितलं. दरवर्षी गळीत हंगाम सुरू व्हायच्या वेळेला कॉलेजची एनएसएसची पोरं घेऊन साखर कारखान्यांच्या गाडीतळावर जातात आणि ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना लाल रिफ्लेक्टर पट्ट्या चिकटवतात. गेल्या हंगामात मी आणि भाऊ दोघं गेलो होतो. मला वाटलं पाहुण्यासारख्या येऊन फोटो काढून जात असतील. कसलं काय, पहाटे सहाला हजर, हातात फडकं. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर चिखल आणि उसाचा चिकटा इतका असतो की पट्टी बसतच नाही, आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्या, मग पट्टीचा मागचा कागद सोलायचा आणि तळहातानं दाबत न्यायची. ट्रॅक्टरवाला गडबडीत असतो, काट्यावर नंबर जाईल म्हणून ओरडतो, त्याच्याशी पण नीट बोलायच्या, "दादा दोन मिनिटं, तुमच्याच केससाठी पुढं कोर्टात यायला लागू नये म्हणून." तासाभरात वीस-पंचवीस ट्रॉल्या होतात. आमच्या अपघाताच्या ट्रॉलीला अशी एक पट्टी असती तर, हे माझ्या मनात आलं, भावाच्या पण आलं असणार, आम्ही बोललो नाही. तो डाव्या हातानं पट्ट्या दाबत होता.

शाळा-कॉलेजात जाऊन बोलतात ते पण कामाचं. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेलं तर पोलीस आपल्यालाच अडकवतील ही भीती सगळ्यांना असते, तर २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर आणि आता कायद्यातच कलम १३४ अ आल्यावर मदत करणाऱ्याला नाव सांगायची पण सक्ती करता येत नाही हे त्या पोरांना सोप्या भाषेत सांगतात. आमच्या त्या दुधाच्या टेम्पोवाल्याला त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं होतं की तुम्हाला नको असेल तर साक्षीला पण यायची गरज नाही. तो आला ते आपणहून. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आलीय, ते पण प्रत्येक ठिकाणी सांगतात. धडक देऊन गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तर विमा कंपनीवर दावा करायला जागाच नसते, अशांना सरकारी निधीतनं मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडं. गरीब माणसाला हे माहीतच नसतं. मॅडमच्या ऑफिसात हे अर्ज फुकट भरून देतात, फी घेत नाहीत, मी स्वतः एका ऊसतोड कामगाराच्या बायकोचा अर्ज भरताना बघितलाय, बीडकडची बाई होती, मराठी वाचता येत नव्हतं, ज्युनिअरनं दोनदा वाचून दाखवला तेव्हा मॅडमनी अंगठा घेऊ दिला.

कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच पाहिजे म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांतले वकील कितीतरी वर्षं भांडत होते, मॅडम साखळी उपोषणाला बसलेल्यांपैकी. आम्हाला वाटायचं हा वकील लोकांचा विषय, आपला काय संबंध. संबंध असा की आमचा निकाल जुलै २०२५ ला लागला आणि कंपनी अपिलात गेली. पूर्वी असं झालं की मुंबई, म्हणजे रात्रीची गाडी, तिथला वेगळा वकील, लॉजचा खर्च, आणि बरेच लोक ह्याच भीतीनं कंपनी देईल त्या पैशात तडजोड करायचे. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, आणि आमचं अपील तिथंच आलं. इचलकरंजीहून सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारच्या जेवणाला घरी.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, हे शंभर टक्के खरं. संध्याकाळी सातनंतर ज्युनिअर फोन करतो, तोपर्यंत जीव टांगणीला. दोनदा तारीख पुढं गेली ती आम्हाला कोर्टात पोचल्यावर कळली, भावाचा दिवस बुडाला, मी रागानं बोललो तर ज्युनिअर गप्प, मॅडमनी मात्र माफी मागितली आणि तेव्हापासून आदल्या दिवशी मेसेज येतो. शनिवारी भेटायला दोन-तीन तास धरूनच जा. बोलणं फटकळ आहे, एका माणसाला माझ्यासमोर सांगितलं की तुमची चूक होती, तुम्ही दारू पिऊन चालवत होता, मी खोटा साक्षीदार उभा करणार नाही, दुसरीकडं जा. तो शिव्या देत गेला. आणि केसेस मोजक्याच घेतात, त्यामुळं जाल तर घेतीलच असं नाही. लोकअदालतीला पण सरसकट ढकलत नाहीत, आम्हाला एकदा कंपनीनं नऊ लाखाला तडजोड देऊ केली होती, घरात सगळे म्हणाले घ्या, मॅडम म्हणाल्या लोकअदालतीत सही केली की त्याच्यावर अपील नाही, निर्णय तुमचा, मी हिशोब कागदावर मांडून देते. मांडून दिला, दोन रकाने, आज घेतलं तर काय आणि थांबलं तर काय, त्यात हरलो तर काय ते पण लिहिलेलं. आम्ही थांबलो. ते चार महिने घरात रोज भांडणं झाली हे पण लिहितो, कारण थांबायला सांगणं सोपं असतं, ज्याच्या घरात चूल पेटायची आहे त्याला विचारा.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा फोनचा कापला, ते मॅडमना सांगितलंय, हसल्या.

सध्या परिस्थिती अशी की कंपनीनं अपिलात रक्कम भरली, त्यातली निम्मी आम्हाला काढायची परवानगी मिळाली, पैसे थेट भावाच्या खात्यात आले, थोडे कोर्टाच्या आदेशानं एफडीत. सोसायटीचं कर्ज फिटलं. भावानं घराच्या पुढच्या खोलीत कांडी भरायचं छोटं मशीन टाकलंय, ते वहिनी आणि तो मिळून चालवतात, गाठी वहिनी मारते. मॅडमनी मागच्या वेळी विचारलं ते पण फिजिओचंच, अजून रोज करतोय का म्हणून. अपील अजून चालू आहे, निकाल लागला की ह्याच्याच खाली लिहितो. कुणाला कागदांची यादी पाहिजे असेल तर विचारा, मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगीन.